अंतरपाटाचा राहिलेला फोटो

तुमचं पहिलं गिऱ्हाईक कसं मिळालं, असं मला हल्ली नवीन पोरी विचारतात. "सासूबाईंनी आणलं," म्हटलं की हसतात. हसू देत बापड्या. खरं तेच आहे, आणि ते सांगताना मला अजून थोडं ओशाळायला होतं, म्हणून मी बहुधा तेवढ्यावरच थांबते. आज सगळं सांगते.

नऊ वर्षं मी बडोद्याजवळ वाघोडियाच्या एका कारखान्यात क्वालिटी विभागात होते. कॅमेरा हातात आला तो तिथेच. तडा गेलेला, चरे पडलेला, माप चुकलेला माल आला की त्याचे फोटो काढून अहवालाला जोडायचे, हे माझं काम. लोखंडातला केसाएवढा तडा दिसायला उजेड कुठून पाडायचा ते मी तिथे शिकले. मग सुटीच्या दिवशी तोच उजेड शेजारच्या म्हाताऱ्यांच्या, कडेवरच्या पोरांच्या तोंडावर पाडून बघायला लागले आणि मला वेडच लागलं. सोमवारी पुन्हा त्या लोखंडापुढे उभं राहायचं म्हटलं की रविवारी संध्याकाळपासून माझं डोकं फिरलेलं असायचं. घरात सगळ्यांना ते भोगावं लागायचं.

शेवटी एक दिवस साहेबांकडे गेले आणि तीन महिन्यांची बिनपगारी रजा मागितली. साहेब भला माणूस. म्हणाले, "घ्या. पण तीन महिन्यांनी सोमवारी हजर व्हा, नाहीतर राजीनामा पाठवा. त्यापुढे मला जागा धरून ठेवता येणार नाही." घरी नवऱ्याने एवढंच विचारलं, "आणि गिऱ्हाईक नाहीच आलं तर?" मी फणकाऱ्याने म्हटलं, "तर मुकाट्याने परत जाईन आणि ह्या विषयावर जन्मात तोंड उघडणार नाही." उचलली जीभ लावली टाळ्याला. बोलून बसले आणि मग ते शब्द रोज सकाळी माझ्यासमोर उभे राहायला लागले.

पहिला महिना कार्डं छापण्यात आणि मोबाइलवर पान सजवण्यात गेला. पानाला लाइक करणारे सगळे नातेवाईक. बडोद्यातल्या मराठी घरांचं काय सांगावं, एकमेकांच्या सात पिढ्या पाठ. त्यामुळे परकं असं कोणी नाही आणि गिऱ्हाईक असंही कोणी नाही. "बारशाला ये हं, आणि येताना तुझा कॅमेरा आण," असं आमंत्रण यायचं. बारशाला जायचं, फोटो काढायचे, जेवायचं, पाळण्यातल्या बाळाच्या हातावर आपणच पाकीट ठेवायचं आणि घरी यायचं. मांडवीत साड्यांच्या दुकानांतही हिंडले. म्हटलं, मालाचे चांगले फोटो काढून देते. एका शेठनी मला बसवलं, चहा पाजला आणि प्रेमाने सांगितलं, "बेन, आपणे तो मोबाइलथी चाले छे." मोबाइलवर चालत होतं त्यांचं. त्यांच्यावर काय रागवायचं. पण मी रागावले.

आता सासूबाईंविषयी. लग्न होऊन रावपुऱ्यात आल्या त्याला जन्म लोटला. भाजीवाल्याशी गुजरातीत भांडतात आणि देवाशी मराठीत. आमचं दोघींचं वाकडं नव्हतं, पण गोडही नव्हतं. त्यांना मी तापट वाटायचे, मला त्या लुडबुड्या वाटायच्या, आणि खरं सांगायचं तर आम्हा दोघींचंही बरोबर होतं.

दुसऱ्या महिन्यात एकदा मी खण उघडला तर कार्डांचा गठ्ठा अर्धा झालेला. सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "मी नेली. देवळात वाटली." देवळात म्हणजे त्यांच्या भजनी मंडळात. आरती झाल्यावर प्रसादाचे साखरफुटाणे आणि त्याबरोबर माझं एकेक कार्ड, असं त्यांनी साऱ्या बायकांच्या हातावर ठेवलं होतं.

मी तडकले. म्हटलं, "आई, असं लोकांच्या गळ्यात पडू नका. मी काय उदबत्त्या विकतेय?"

"उदबत्त्या विकणारीला लाज वाटत नाही," त्या म्हणाल्या, "मग तुलाच कसली वाटतेय?"

मी खण आपटून बंद केला.

पण आठच दिवसांत त्या मंडळाचं पहिलं काम आलं. वार्षिक कार्यक्रमाच्या फलकासाठी सगळ्यांचा एकत्र फोटो हवा होता. बारा बायका, बारा नऊवाऱ्या, आणि प्रत्येकीचं एकच म्हणणं, मी जाड दिसता कामा नये. मी एकेकीला हाताला धरून कुठे उभं राहायचं ते दाखवलं, हनुवट्या वर करायला लावल्या, दोघींवर ओरडलेसुद्धा. फोटो मात्र झकास आला. त्यातल्या पेटी वाजवणाऱ्या काकू तो फोटो हातात घेऊन बराच वेळ बसल्या. मग मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "माझ्या धाकटीचं लग्न आहे पुढच्या महिन्यात. करशील?"

लग्न म्हणजे बारसं नव्हे. मी म्हटलं, "काकू, लग्नाचे फोटो काढणारे मोठमोठे आहेत बडोद्यात. मी अजून एकही लग्न केलेलं नाही."

"ठाऊक आहे मला," काकू म्हणाल्या. "मोठीच्या वेळी असाच मोठा आणला होता. चांगला होता, पण आपल्यातला नव्हता. गुजरात्यांकडे फेरे महत्त्वाचे. त्याला वाटलं, मंगलाष्टकं म्हणजे गाण्याचा कार्यक्रम चाललाय, फेरे सुरू झाले की उठू. इकडे अंतरपाट सुटला आणि तो बाहेर चहा पीत होता. मोठीच्या अल्बममध्ये सगळं आहे, हातावर पाणी आहे, सप्तपदी आहे, जेवणातला मठ्ठासुद्धा आहे. अंतरपाट सुटतानाचा एक फोटो नाही. पडदा खाली येतो आणि पोरगी पहिल्यांदा वर बघते ना, तेवढाच मला हवा होता. म्हणून तुला देतेय. आपल्यातली आहेस, तुला सांगावं लागणार नाही."

मी त्या रात्री नवऱ्याला म्हटलं, जमलं. हे लग्न नीट झालं की मंडळातल्या बाराच्या बारा घरी माझं नाव जाईल, आणि त्या बारा घरांतून साऱ्या रावपुऱ्यात. बिघडलं तरी तसंच जाईल. रजा संपायला तेव्हा महिना आणि वर थोडेच दिवस उरले होते.

लग्न सकाळचं होतं. सासूबाई म्हणाल्या, मी येते तुझ्याबरोबर, तशी मला आमंत्रण आहेच. मला खरं तर त्या यायला नकोच होत्या, पण बॅगा धरायला कोणी नव्हतं. आणि कबूल करते, त्या दिवशी त्यांचा फार उपयोग झाला. नवरीच्या खोलीत कोण शिरतंय, कोण नाही, ह्यावर नजर ठेवत त्या दारात उभ्या राहिल्या. गौरीहरापुढे बसलेल्या मुलीचा फोटो काढताना कोणाची तरी आत्या मध्ये आली, तिला त्यांनी अलगद बाजूला केलं. मला कधी पाणी, कधी लाडवाचा तुकडा. माझं काम मस्त चाललं होतं. उजेड चांगला, मुलगी देखणी, माझा हात स्थिर.

मंगलाष्टकं सुरू झाली. दोघांच्या मध्ये अंतरपाट धरलेला, मागे दोन्हीकडचे मामा. मी नवरीच्या बाजूला तिरकी उभी, पडदा खाली आला की तिचा चेहरा नेमका सापडेल अशी जागा पकडून. एक झालं, दोन झाली, तीन झाली. दर सावधानला अक्षता पडत होत्या, मी फोटो काढत होते. चौथं नवरदेवाच्या काकांनी म्हटलं, रडवेल्या सुरात आणि भलतंच लांबवून. पाचव्यासाठी नवरीची मावशी हातात कागद घेऊन पुढे सरकली. म्हणजे अजून एक आहे, असं मी धरलं. कॅमेरा गळ्यात सोडला आणि आखडलेली बोटं मोडून मोकळी केली.

तेवढ्यात माझ्या उजव्या हातात काहीतरी ओतलं गेलं. सासूबाई होत्या. माझ्या कानाशी म्हणाल्या, "मघापासून बघतेय, एकही अक्षता टाकली नाहीस. अशी कोरडी उभी राहू नकोस लग्नात." मी मूठ मिटली.

आणि भटजींना मुहूर्ताची घाई झाली होती. मावशीच्या कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. सरळ "तदेव लग्नं" सुरू केलं. मला कळलं, अगदी स्पष्ट कळलं, की आता अंतरपाट सुटणार. पण लहानपणापासून ऐकलेले ते शब्द कानावर पडले की माझी मान आपोआप वर होते आणि हात आपोआप उचलला जातो. सावधान झालं. सगळ्या हॉलचे हात वर गेले, त्यात माझाही गेला. मी मन लावून नवरा-नवरीवर अक्षता टाकल्या. पडदा खाली आला, पोरीने वर बघितलं, मी तिच्याकडे बघून हसले. सनई, टाळ्या, गलका. मग माझ्या लक्षात आलं की माझे हात रिकामे आहेत आणि कॅमेरा गळ्यात लोंबतोय.

कॅमेरा डोळ्याला लावला तेव्हा हार घालणं चाललं होतं. ते मी काढलं. पुढचं सगळं काढलं. कसं काढलं ते मला आठवत नाही.

जेवणाच्या हॉलच्या कोपऱ्यात मी सासूबाईंना गाठलं. त्या जिलबीचं ताट घेऊन माझ्याकडेच येत होत्या. मी दात आवळून म्हटलं, "तुम्हाला कोणी सांगितलं होतं मध्ये मध्ये करायला? एक फोटो, काकूंना एकच फोटो हवा होता, तो तुमच्यामुळे गेला. ह्यापुढे माझ्याबरोबर कुठेही येऊ नका." एकाला दोन ऐकवणारी बाई ती. त्या दिवशी तिने नुसतं ताट बाजूच्या टेबलावर ठेवलं आणि माझी बॅग उचलून बाहेर रिक्षा बघायला गेली.

त्यानंतर आमचं बोलणं बंद झालं, म्हणजे मी बंद केलं. दिवसच्या दिवस संगणकापुढे बसून मी ते सगळे फोटो पुन्हा पुन्हा चाळत होते. नऊ वर्षं तडे शोधलेली बाई मी, पण नसलेला फोटो कुठून शोधून काढणार? पडदा वर असलेला होता, हार गळ्यात असलेला होता, मधला नव्हता. दोन फोटो जोडून एक करता येतो का तेही बघितलं. चेहरा जमायचा, नजर जमायची नाही. नवरा म्हणाला, "सरळ सांगून टाक काकूंना." मी म्हटलं, "म्हणजे बारा घरी बोंब होऊ देऊ?"

मग मी एक थाप तयार केली. कॅमेऱ्यातलं कार्ड खराब झालं आणि नेमके तेवढेच पाच-दहा फोटो उडाले. कार्डं खराब होतात. कोणाच्याही बाबतीत होतं. आरशासमोर दोनदा म्हणूनही पाहिली. सोमवारी रजा संपत होती, साहेबांचा निरोप येऊन गेला होता, येताय ना म्हणून. त्याच्या आधीच्या गुरुवारी मी अल्बम घेऊन मांडवीत काकूंकडे गेले.

काकूंचं घर तिसऱ्या मजल्यावर, आणि तो जिना इतका उभा की वर पोचेपर्यंत माझ्यासारखीलाही धाप लागली. काकूंनी चष्मा लावला, अल्बम मांडीवर घेतला आणि एकेक पान सावकाश उलटायला लागल्या. गौरीहराशी थांबल्या, डोळे पुसले. मुलगी आरशात बघतेय आणि मागे आईचा अर्धा चेहरा दिसतोय, असा एक होता. त्यावर म्हणाल्या, "मी अशी दिसते होय?" पुढे मंगलाष्टकं आली. मी बोलायला सुरुवात केली. "काकू, इथे ना, कार्डात जरा प्रॉब्लेम झाला. म्हणजे होतं कधीकधी, आपल्या हातात नसतं, नेमके तेवढेच फोटो…"

काकूंनी मला सगळं बोलू दिलं. मधे एकदाही तोडलं नाही. संपल्यावर चष्मा काढून म्हणाल्या, "झालं बोलून?"

मी मान हलवली.

"तुझ्या सासूबाई येऊन गेल्या," काकू म्हणाल्या. "लग्नाच्या तिसऱ्याच दिवशी. ह्या इथे बसल्या होत्या. म्हणाल्या, तुमचा हवा तो फोटो माझ्यामुळे गेला. पोरगी कॅमेरा रोखून उभी होती, मीच तिच्या हातात अक्षता दिल्या. तिला बोल लावू नका, काय बोलायचं ते मला बोला. आणि हात जोडले माझ्यापुढे. इतकी वर्षं आम्ही एका मंडळात आहोत. टाळ चुकला तरी चूक कबूल न करणारी बाई ती."

मला जमिनीत जावंसं वाटलं. कॅमेरा रोखून कुठली, मी कॅमेरा सोडून बोटं मोडत होते. त्यांनी ते पाहिलं होतं, आणि तेवढं बदलून सांगितलं होतं. मी दहा दिवस ज्या बाईशी बोलले नव्हते ती गुडघे धरत हा जिना चढून आली होती, आणि मी त्याच जिन्याने थाप पाठ करत वर आले होते. मला रडू आलं. मी कधी कोणासमोर रडत नाही, पण त्या दिवशी रडले. रडत रडत खरं काय झालं ते सगळं सांगितलं, बोटं मोडल्याचंही.

काकूंनी पाणी आणून दिलं. मग म्हणाल्या, "वाईट वाटलं मला. खोटं कशाला सांगू? त्या दिवशी त्या गेल्यावर मी चिडलेच होते, म्हटलं माझ्या दोन्ही पोरींच्या नशिबी तो फोटो नाही. मग विचार केला. मोठीच्या वेळचा माणूस अंतरपाट सुटला तेव्हा चहा पीत होता. तू माझ्या पोरीवर अक्षता टाकत होतीस. सगळं विसरून, धंदासुद्धा विसरून. आता ह्यात फरक आहे की नाही, तूच सांग."

मी पाण्याचा पेला रिकामा केला.

"शेजारच्या बेनच्या सुनेचं श्रीमंत आहे रविवारी, वाघोडिया रोडला. आपल्याकडच्या डोहाळजेवणासारखं. तिला मी तेव्हाच तुझा नंबर दिलाय. आणि मंडळातल्या दोघींनी मुलांच्या मुंजीसाठी विचारलंय, त्यांनाही दिलाय. अल्बम बघायच्या आधीच दिलाय." काकूंनी अल्बम मिटला. "फक्त एक कर. ते कार्डाचं पुन्हा कोणाला सांगू नकोस. तुला खोटं नीट बोलता येत नाही."

जिना उतरताना मला हसू येत होतं आणि रडूही. त्या बाईला मी काय दिलं होतं? अर्धवट अल्बम आणि एक थाप. आणि तिने मला तीन घरं दिली. आज इतकी लग्नं केल्यावरही मला वाटतं, मला माझं काम काकूंनी दिलं. आणि ते देण्याआधी कोणीतरी त्यांच्या दारात जाऊन हात जोडले होते.

घरी आले तेव्हा सासूबाई जमिनीवर बसून ओल्या तुरीच्या शेंगा सोलत होत्या. मी स्कूटरची चावी ठेवली, त्यांच्यासमोर बसले आणि मूठभर शेंगा घेतल्या. सोलता सोलता म्हटलं, "काकूंकडे गेले होते."

"हं."

"तुम्ही गेला होतात म्हणे."

"मांडवीत भाजीला गेले होते. आलेच आहे तर म्हटलं वर जाऊन यावं." आमच्याकडे भाजीची गाडी रोज दारात येते. मांडवीत भाजीला त्या कशाला जातील? पण मी ते बोलले नाही.

"आई," मी म्हटलं, "चूक माझी होती. मी कॅमेरा सोडून उभी होते. तुम्हाला मी तसं बोलायला नको होतं, त्या जेवणाच्या हॉलमध्ये."

त्यांनी शेंग सोलली, दाणे ताटलीत टाकले. "नकोच होतं," त्या म्हणाल्या. "जिलबी गार झाली माझी."

मी हसले. त्या हसल्या नाहीत, पण त्यांनी शेंगांचा ढीग अर्धा करून माझ्याकडे सरकवला. मग मी म्हटलं, "रविवारी एक श्रीमंत आहे वाघोडिया रोडला. गुजराती घर आहे. त्यांच्यात काय आधी, काय नंतर, मला काही ठाऊक नाही."

"मला आहे," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी तुला कंपनीत जायचंय ना? आदल्या दिवशी कशाला धावपळ?"

"नाही जाणार कंपनीत. आजच कळवते साहेबांना." मी हातातली शेंग खाली ठेवली. "आई, याल माझ्याबरोबर?"

त्यांनी पदराने हात पुसले आणि माझ्याकडे पाहिलं.

"किती वाजता निघायचं?"